निसर्गचित्रासाठी दृश्य कसे निवडावे: बेळगाव परिसरातील उदाहरणांसह

बेळगाव आणि आसपासच्या तालुक्यांत चित्र काढण्याजोग्या जागेसाठी फार लांब जावे लागत नाही, आणि नवशिक्याची अडचण नेमकी तिथेच सुरू होते. राजहंसगडावर उभे राहिले की चारी दिशांना शिवारे पसरलेली दिसतात. गोकाकला घटप्रभा सुमारे ५२ मीटर खाली कोसळते. खानापूरच्या पश्चिमेला डोंगरांच्या रांगांमागे रांगा लागतात. समोर एवढे असले की कागद पुरत नाही, मग सगळेच थोडे थोडे काढले जाते, आणि घरी आल्यावर चित्रात नेमके काय पाहायचे हे काढणाऱ्यालाही सांगता येत नाही. पेन्सिल कशी चालवावी किंवा रंग कसे मिसळावेत, याविषयी येथे काही सांगायचे नाही. बसकण मारण्याआधीच्या अर्ध्या तासात काय करावे एवढाच या लेखाचा विषय आहे, कारण स्केच फसते ते बहुतेक वेळा त्याच अर्ध्या तासात.

विषय एका वाक्यात सांगता आला पाहिजे

स्केचबुक उघडण्याआधी ‘हे चित्र कशाचे आहे’ या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात द्यावे. ‘जांबोटीजवळचे गाव’ हे उत्तर चालणार नाही, कारण ते जागेचे नाव झाले. त्यावरून कागदावर पहिली रेघ कुठे ओढायची हे कळत नाही. ‘जांभ्या दगडाच्या कुंपणावर पडलेली फणसाची सावली’ हे उत्तर मात्र पुरेसे आहे. त्यात मुख्य काय, दुय्यम काय, उजेड कुठून येतो आणि आपण साधारण किती जवळ बसायचे, हे सगळे आपोआप ठरून जाते. वाक्यात दोनदा ‘आणि’ आला तर एका कागदावर दोन चित्रे काढण्याचा बेत चालला आहे असे समजावे आणि त्यातले एक दुसऱ्या पानासाठी राखून ठेवावे.

माझे स्पष्ट मत असे आहे की प्रसिद्ध ‘पॉइंट’ हे शिकणाऱ्यासाठी सर्वांत अवघड ठिकाण होय. तेथे दृश्याची भव्यता आकारात आणि आवाजात असते. त्यातले कागदावर फारच थोडे उतरते. त्याउलट घरामागचा गोठा, गल्लीच्या टोकाची विहीर, उसाच्या फडाकडे जाणारी गाडीवाट या गोष्टी आपल्याला पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या उजेडात पाहता येतात. कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थाचा आणि रंकाळ्याचा परिसर वर्षानुवर्षे रंगवला. रोजच्या पाहण्यातली जागा संपत नाही, हे त्यांच्या चित्रांसमोर उभे राहिल्यावर वेगळे सांगावे लागत नाही.

पुठ्ठ्याची चौकट

दृश्य निवडण्याचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी साधन म्हणजे पुठ्ठ्यात कापलेली खिडकी. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद यासाठी उत्तम. खिडकीच्या बाजूंचे प्रमाण आपल्या कागदाच्या प्रमाणाशी जुळले पाहिजे, नाहीतर खिडकीत नीट बसलेले दृश्य कागदावर एका बाजूने सांडते. ए-फोर आकाराच्या स्केचबुकासाठी ८.५ × ६ सेंटिमीटरची खिडकी कापावी. जलरंगाच्या पूर्ण कागदाचा चौथा भाग, म्हणजे १५ × ११ इंचाचा तुकडा वापरत असाल तर ८.२ × ६ सेंटिमीटर. एका सलग खिडकीऐवजी काटकोनात कापलेल्या दोन पट्ट्या घेऊन त्या दोन क्लिपांनी जोडल्या तर खिडकी लहान-मोठी करता येते, आडवी-उभी करून पाहता येते आणि कधी कधी चौरसही करता येते. पट्टीचा आतला भाग पांढरा नसून करडा किंवा काळपट असावा. पांढऱ्या कडेशेजारी उन्हातले आभाळसुद्धा मळकट दिसते आणि उजेडाचा अंदाज चुकतो.

ही खिडकी डोळ्यापासून किती अंतरावर धरता यावर चित्राचा आवाका ठरतो. साडेआठ सेंटिमीटर रुंदीची खिडकी डोळ्यापासून १५ सेंटिमीटरवर धरली तर तिच्यातून सुमारे ३० अंशांचे दृश्य दिसते, २५ सेंटिमीटरवर सुमारे २० अंशांचे आणि हात ताठ करून ५५ सेंटिमीटरवर नेली तर जेमतेम ९ अंशांचे. ताठ हाताची मूठ साधारण १० अंश झाकते, हे लक्षात ठेवले की खिडकीशिवायही अंदाज बांधता येतो.

आता चार किलोमीटरवरून दिसणारी २०० मीटर उंचीची टेकडी घ्या. तिची उंची डोळ्याला सुमारे ३ अंश भरते, म्हणजे अर्ध्या मुठीहूनही कमी. मोबाइलचा नेहमीचा कॅमेरा आडवा धरला की सुमारे ६५ ते ७० अंशांचे दृश्य टिपतो. तो फोटो ए-फोर कागदाच्या पूर्ण रुंदीवर उतरवला तर टेकडी उंचीला सुमारे एक सेंटिमीटर येईल. तीच टेकडी २५ सेंटिमीटरवर धरलेल्या खिडकीतून पाहून काढली तर जवळपास साडेचार सेंटिमीटर उंच येते. फोटोवरून काढलेल्या निसर्गचित्रांत डोंगर नेहमी बापुडवाणे का दिसतात याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. फोटो घ्यायचाच असेल तर दुप्पट झूम करून घ्यावा आणि तोही आठवणीपुरता. निवड डोळ्याने आणि खिडकीने करावी.

खिडकीतून पाहताना एक डोळा मिटावा आणि दुसरा किलकिला करावा. बारकावे विरून फक्त गडद, मध्यम आणि उजळ असे तीन ठसे उरतात. ते तीन ठसे रंजक वाटत नसतील, म्हणजे सारे काही सारख्याच करड्या रंगात कालवलेले दिसत असेल, तर झाडे, माणसे आणि तपशील घालून ते दृश्य सावरण्याची आशा करू नये. खिडकी पुढे सरकवावी.

डोळ्याची पातळी

क्षितिजरेषा नेहमी पाहणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर असते. आपण उभे असू तर वर, मांडी घालून बसू तर खाली. हा फरक कागदावर फार मोठा होतो. भातखाचरांच्या सपाट शिवारात उभे राहून पाहिले की बांधांची जाळी उलगडते आणि जमीन हा चित्राचा विषय होतो. त्याच जागी बसले की बांध एकमेकांत मिसळून एकदोन पातळ पट्ट्या उरतात, जवळची झुडपे आभाळात घुसतात आणि चित्र आभाळाचे होते. दोन्ही योग्यच, फक्त आपल्याला काय हवे ते ठरवून बसावे. फोल्डिंग स्टुलावर बसण्याच्या सवयीमुळे अनेकांची सगळी चित्रे एकाच उंचीवरून काढलेली असतात, हे त्यांच्या लक्षातही येत नाही.

चित्रात ही रेषा बरोबर मध्यावर येऊ देऊ नये, हे सर्वांना ठाऊक असते, पण त्यामागचे कारण सांगितले जात नाही. आभाळाला आणि जमिनीला सारखी जागा दिली की दोघांचा हक्क सारखा होतो आणि पाहणाऱ्याला कुठे रेंगाळायचे ते कळत नाही. सौंदत्तीकडच्या काळ्या मातीच्या मोकळ्या माळावर आभाळाला दोन तृतीयांश कागद खुशाल द्यावा. कणकुंबीच्या बाजूला, जेथे झाडी अंगावर येते, तेथे आभाळाची एखादी फट पुरते. काही वेळा तीही नको.

उजेड आणि दिशा

दृश्य निवडणे म्हणजे वेळ निवडणेही असते. बेळगाव सुमारे १५.८५ उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि खांबाची सावली खांबाच्या पायाशी गोळा होते. अशा उजेडात किल्ल्याची भिंत, देवळाचे शिखर, टेकडीची घळ हे सगळे सपाट दिसते, आणि उन्हाळ्यात अकरा ते तीन या वेळेत वास्तूचे स्केच करण्यात काही हशील नाही. डिसेंबरच्या अखेरीस मात्र दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ५० अंशांवरच असतो आणि खांबाची सावली त्याच्या उंचीच्या पाऊणपटीहून थोडी लांब पडते. म्हणून हिवाळ्यात दिवसभर काम करता येते. मात्र तेव्हा सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने उत्तरमुखी भिंती दिवसभर सावलीत राहतात, हे आधीच हिशेबात धरावे.

या भागातल्या नद्या सह्याद्रीतून निघून ढोबळमानाने पूर्वेकडे वाहतात. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा काय, घटप्रभा काय, संध्याकाळी काठावर बसून वरच्या अंगाला, म्हणजे पश्चिमेकडे पाहिले तर उजेड समोरून येतो, पाणी चकाकते आणि झाडे काळ्या आकृत्यांसारखी उभी राहतात. त्याच वेळी पाठ फिरवून खालच्या अंगाला पाहिले तर समोरच्या काठावर सोनेरी ऊन, सावल्या आपल्यापासून दूर जाणाऱ्या आणि पाणी शांत. असोग्याला खडकांमधून वाहणारे पात्र काढायचे असेल तर नदीच्या स्थानिक वळणाप्रमाणे दोन्ही बाजू पाहून घ्याव्यात. खडकांचा घनपणा दाखवायला बाजूने येणारा उजेड सर्वांत सोयीचा. समोरचा उजेड देखणा दिसतो, पण खडकांची टरफले होतात.

सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे दोन तासांच्या बैठकीत सावल्या ओळखू न येण्याइतक्या बदलतात. त्यावर उपाय एकच: पहिल्या वीस मिनिटांत सावल्यांचे आकार कागदावर पक्के करावेत आणि पुढे प्रत्यक्षातल्या सावल्या कुठेही जावोत, कागदावरच्या हलवू नयेत.

पावसाळ्यात हा सगळा हिशेब बदलतो. जून ते सप्टेंबर उजेड ढगांतून गाळून येतो, सावल्या नाहीशा होतात आणि दृश्याची रचना अंतरावर उभी राहते. जवळचे झाड गडद, त्यामागचा बांध फिका, त्यामागची टेकडी आणखी फिकी आणि शेवटची रांग जवळजवळ आभाळाच्याच रंगाची होते. हवेतल्या बाष्पामुळे या पायऱ्या आयत्या मिळतात. खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात एखाद्या देवळाच्या ओसरीत बसून हे पाहावे. छत्री धरून स्केच करण्याचा हट्ट धरू नये.

एक दृश्य, तीन जागा

नोव्हेंबरच्या अखेरची सकाळ, साडेआठची वेळ, येळ्ळूरचे शिवार. भात कापून झाले आहे, धसकटांच्या ओळी उभ्या आहेत, खळ्याजवळ गवताच्या दोन-तीन गंज्या रचलेल्या आहेत आणि मागे राजहंसगड. बेळगावच्या बाजूने पाहताना किल्ला ढोबळमानाने दक्षिणेला येतो. सूर्य डाव्या हाताला, आग्नेयेकडे आहे. गंज्यांची डावी अंगे उजळली आहेत आणि सावल्या उजवीकडे, किंचित आपल्या दिशेने पडल्या आहेत.

पहिली जागा रस्त्याच्या मध्यावर. खिडकीतून पाहिले की रस्ता तळाशी रुंद सुरू होऊन सरळ टेकडीच्या पोटात शिरतो, टेकडी बरोबर मधोमध आणि गंज्या दोन्हीकडे पहारेकऱ्यासारख्या. दृश्य नीटनेटके आहे, पण नजर एका झटक्यात टेकडीपाशी पोहोचते आणि तेथून तिला परतायला वाट नाही. दुसऱ्या जागेसाठी रस्ता सोडून उजवीकडच्या बांधावर थोडे आत जावे. आता रस्ता डाव्या कडेतून तिरका आत येतो, गंज्या एकमेकींमागे सरकून त्यांचा लहान-मोठा क्रम लागतो. खिडकी थोडी डावीकडे वळवून टेकडीचा माथा चौकटीच्या वरच्या आणि उजव्या कडेपासून एक तृतीयांश अंतरावर बसवता येतो. रस्ता चौकटीच्या नेमक्या कोपऱ्यातून आत येणार नाही एवढे पाहावे, कारण कोपऱ्यातून निघालेली रेघ नजर आत आणण्याऐवजी बाहेर ओढते.

तिसरी जागा तीच, फक्त बांधावर खाली बसून. डोळ्याची पातळी उतरल्याबरोबर जवळच्या गंजीचे टोक वर चढते आणि टेकडीच्या उतारावर येते. जवळची वस्तू दूरच्या वस्तूला झाकते आणि मधले अंतर एकदम जाणवू लागते. याच ठिकाणी एक सापळाही आहे. गंजीचे टोक टेकडीच्या कडेला नेमके चिकटले तर दोन्ही वस्तू एकाच प्रतलात असल्यासारख्या दिसतात. टोक एक तर कडेच्या स्पष्ट वर न्यावे, नाहीतर स्पष्ट खाली ठेवावे. कागदावर खाडाखोड करण्यापेक्षा दोन पावले सरकून बसणे सोपे. नारळाचा शेंडा आणि कौलारू छपराची धार, विजेचा खांब आणि देवळाचा कळस, गायीची पाठ आणि क्षितिज अशा चिकटलेल्या जागा प्रत्येक दृश्यात एकदोन तरी असतातच. बसण्याआधी त्या हुडकाव्यात.

काय वगळावे, काय हलवू नये

समोर आहे ते सगळे काढलेच पाहिजे असा कुणाचा आग्रह नसतो. विजेच्या तारा, पाण्याच्या टाक्या, प्लास्टिकच्या ताडपत्र्या विषयाला मदत करत असतील तर ठेवाव्यात, नसतील तर गाळाव्यात. फलक बहुतेक वेळा गाळावेतच: पाटी कोणत्याही भाषेतली असो, अक्षर दिसले की नजर आधी ते वाचायला जाते, आणि सीमाभागात तर वाचून झाल्यावर चित्राविषयी कुणी बोलतही नाही. झुडूप थोडे डावीकडे घेणे, एखादी गंजी कमी करणे, रस्त्याचे वळण जरा वाढवणे यात गैर काही नाही. राजहंसगडाच्या माथ्याची रेषा किंवा हलशीच्या कदंबकालीन देवळाच्या शिखराचा आकार मात्र बदलू नये. ज्याला ती जागा माहीत आहे त्याला ते लगेच खटकते आणि मग बाकीच्या चित्रावरचाही त्याचा विश्वास उडतो.

गोकाकचा धबधबा काढू पाहणाऱ्यांसाठी एक सूचना. पावसाळ्यात तो भरून वाहतो तेव्हा घोड्याच्या नालेसारख्या कड्याची सगळी रुंदी एका कागदावर आणण्याचा मोह होतो, आणि मग पाण्याची उंची उरत नाही. खिडकी उभी धरावी, प्रपाताची एक कडा, तिला लागून असलेला काळा खडक आणि तळाशी उडणारे तुषार एवढेच घ्यावे. उंची दाखवायला मापाची वस्तू लागते. झुलता पूल किंवा काठावरची माणसे चौकटीत एका बाजूला, अगदी लहान, आली तर पुरे.

बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत वेगळी सोय आहे. १२०४ सालच्या या जैन मंदिराच्या मंडपात सावलीला बसून दोन खांबांमधून बाहेर पाहिले की गडद दगडाची आयती चौकट मिळते आणि मधले उन्हातले अंगण अधिक उजळ दिसते. अशा वेळी खांब तपशिलाने काढू नयेत, नाहीतर चौकटच विषय होऊन बसते. अर्थात ते पूजास्थान असल्याने आधी परवानगी विचारणे आलेच. छावणी भागात, मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरच्या परिसरात आणि जेथे लष्कराचा फलक असेल तेथे स्केचबुक बाहेर काढू नये. धरणांवर पहारेकऱ्याला विचारावे, भीमगड अभयारण्यात वनखात्याची परवानगी घ्यावी. शिवारात मात्र ‘मामा, तुमच्या बांधावर घटकाभर बसून चित्र काढू काय?’ एवढे पुरते. बसताना पाठीशी भिंत किंवा झाडाचे खोड असावे. मुले जमतातच; ती बाजूला उभी राहिली तर चालते, मागून वाकून पाहू लागली की हात आखडतो.

लहान आराखडे

दृश्य ठरले असे वाटल्यावर मूळ कागदाला लगेच हात लावू नये. स्केचबुकाच्या एका पानावर व्हिजिटिंग कार्डाएवढ्या तीन-चार चौकटी आखून त्याच दृश्याचे आराखडे काढावेत. एकात क्षितिज वर, एकात खाली, एकात चौकट उभी. प्रत्येकाला पाच मिनिटांहून अधिक वेळ देऊ नये आणि टोकदार पेन्सिल वापरू नये. ६बी या मऊ, गडद पेन्सिलीचे बोथट टोक घेऊन फक्त तीन छटा भराव्यात. मग पान हातभर लांब धरून पाहावे. जो आराखडा त्या अंतरावरूनही ओळखू येतो तो निवडावा. बेळगावात के. बी. कुलकर्णी आणि त्यांच्याकडे शिकलेले रवी परांजपे यांच्यासारखे चित्रकार घडले. त्यांची निसर्गचित्रे पाहण्याची संधी मिळाली तर आधी दुरून, डोळे किलकिले करून पाहावीत आणि त्यातले तीन ठसे शोधावेत. जवळ जाऊन फटकारे पाहणे नंतरही होते.

तिन्ही आराखडे फिके वाटले तर जागा सोडावी. इतक्या लांब आलो म्हणून काढायचेच, या विचाराने बसलेल्या माणसाचा सगळा दिवस वाया जातो. उठून पन्नास पावले चालावे, खिडकी पुन्हा डोळ्यासमोर धरावी, शक्यतो यावेळी पाठीमागच्या बाजूला. एखादा आराखडा जमला तर त्याच्या चौकटीवर चारी बाजूंचे मध्य आखून घ्यावेत, मोठ्या कागदावरही तसेच मध्य आखावेत आणि मुख्य वस्तूचे टोक, तळ आणि क्षितिजरेषा एवढ्या तीन खुणा आधी उतरवाव्यात. आराखड्याखाली तारीख, वेळ, आपले तोंड कोणत्या दिशेला होते आणि खिडकी डोळ्यापासून किती अंतरावर धरली होती हे लिहून ठेवावे. काम एका बैठकीत पुरे झाले नाही, तर येत्या आठ-दहा दिवसांत, आभाळ तसेच निरभ्र असेल तेव्हा, त्याच वेळेला त्याच बांधावर बसून ते पुढे नेता येते. त्याहून उशीर झाला तर गंज्या हललेल्या असतात आणि धसकटे नांगराखाली गेलेली असतात.